काचेआडचे तीन आठवडे

तारांगणाच्या तळमजल्यावर चंद्राचं दालन आहे. तिथं एका माणसानं सव्वीस वर्षं उभ्यानं लोकांच्या शंका फेडल्या. हजेरीपटावर तो मार्गदर्शक होता, पण सगळे त्याला चंद्रवालेच म्हणत. शंका एकूण चौदा. पंधरावी इतक्या वर्षांत कुणाला सुचली नाही.

अंतराळवीर शौचाला कुठं जातात, ही पहिली. ती मुलं विचारत आणि कान बाई टवकारत. हवा नाही तर झेंडा ताठ कसा? वरून आडवी काठी घातली होती. आणि प्रत्येक घोळक्यात कुणाचा तरी एक काका असायचाच, तो मिशीत हसून विचारायचा, "खरंच गेले होते का हो?"

"त्या कामावर चार लाख माणसं होती," चंद्रवाले शांतपणे सांगत. "आमच्या कचेरीत सात आहेत. साहेबांच्या बदलीची बातमी इथं दुपारपर्यंत पोटात राहत नाही."

चौदावी शंका शेवटच्या कपाटापाशी निघे. सुरुवातीच्या चांद्रवीरांना परतल्यावर वेगळं का ठेवलं? तिकडचे जंतू इकडे येतील, या भीतीनं. बायकासुद्धा काचेपलीकडून बोलल्या. "तीन आठवडे झाले, काही निघालं नाही, दार उघडलं, घरी गेले," असं म्हणून चंद्रवाले बाहेरचा रस्ता दाखवत.

त्यांच्या पत्नीला रक्ताचा आजार निघाला. जालीम औषध देऊन तिला काचेच्या खोलीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "तीन आठवडे जाऊ देत, मग बघू." चंद्रवाल्यांनी यातलं पहिलं अर्धं ऐकलं. उरलेलं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं.

चांद्रवीरांची काच जगाला त्यांच्यापासून वाचवायला होती, हिची काच हिला जगापासून. हा फरक चंद्रवाल्यांना कळत नव्हता असं नाही. कुणी विचारला असता तर त्यांनी समजावूनही सांगितला असता.

काचेच्या दोन्ही बाजूंना फोन होता. "घरात ऐकते तेवढं पुरे," म्हणून जिनं दालनात कधी पाऊल टाकलं नाही, ती आता रोज काहीतरी विचारायची.

"अहो, ते पहिले दोघं झोपले कसे?"

"झोपले कसले! एक जमिनीवर आडवा, एक इंजिनाच्या झाकणावर. थंडीनं कुडकुडत होते."

"मग माझं बरं चाललंय म्हणायचं."

"शिवाय त्यांना शौचाला पिशवी होती."

"अहो, जेवतेय मी!"

नवव्या दिवशी ती म्हणाली, "धाकटीला बोलवा."

धाकटी म्हणजे तिची बहीण. आईच्या शिलाई मशीनवरून दोघींचा अकरा वर्षं अबोला होता. मशीन मध्यंतरी गंजून मोडीत गेलं, पण अबोला ठणठणीत होता.

"आता? असं काचेतून?" चंद्रवाले म्हणाले. "अकरा वर्षांचं भांडण फोनवर मिटतं होय? बाहेर ये, समोरासमोर बसा, हवं तेवढं भांडा."

"येईन ना नक्की?"

"अगं, चंद्रावर उतरलेले बाराच्या बारा घरी परतले."

ती हसली. चौदाव्या दिवशी तिनं पुन्हा विषय काढला. आवाज बारीक झाला होता. "बोलवायची का हो तिला?"

"सातच दिवस राहिले."

सोळाव्या दिवशी ताप चढला. अठराव्या दिवशी सकाळी खोलीचं दार उघडलं आणि चंद्रवाल्यांना आत यायला सांगितलं. आता कुणाच्या जंतूंची कुणाला भीती नव्हती.

निरोप मिळून दुपारी धाकटी आली. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून ती समोर उभी राहिली. "भावोजी, अठरा दिवस! एक फोन नाही करता आला?"

त्यांनी बाकावर सरकून तिला जागा केली.

"तिनं माझं नाव तरी काढलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. दोन्ही बहिणी तितक्याच हट्टी, यावर निभावलं असतं.

"काढलं," ते म्हणाले. "दोनदा. बोलवा म्हणाली."

"मग?"

"मीच थांबवलं. म्हटलं, तीन आठवड्यांनी बाहेर येशीलच."

"डॉक्टर तसं म्हणाले होते?"

"नाही." चंद्रवाल्यांनी हातातल्या रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. "चंद्रावरून आलेल्यांना तेवढेच दिवस ठेवायचे."

धाकटीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "आणि तिला ते पटलं?"

"पटलं."

"माझ्याशी बोलू नका," ती म्हणाली, आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

नर्स कागद घेऊन आली. "यांचे जवळचे कोण?"

दोघांनीही हात वर केला. एकमेकांकडे मात्र पाहिलं नाही.