‘ळ’ नसलेलं फ्लॅश कार्ड

२१ एप्रिल २०१३, रविवार. कूलरच्या जाळ्यांमधलं जुनं गवत काढत होते. जाळ्या धुवायला पाणी नव्हतं, म्हणून कोरड्याच झटकत होते. गारखेड्यात आमच्या गल्लीला नळ कधी येणार हे पाणी सोडणाऱ्या माणसालाही सांगता येत नव्हतं, पण ऊन काही त्याच्यासाठी थांबत नाही. नाकातोंडात भुसा गेलेला, पदर खोचलेला, आणि नेमके त्याच वेळी दीर आणि जाऊ बजाजनगरहून मोटारसायकलवर आले.

दीर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मशीनवर होते. कायम कामगार. कायम होण्यासाठी त्यांनी किती उंबरे झिजवले होते ते मला माहीत होतं, कारण त्यातले निम्मे माझ्या नवऱ्यानं झिजवले होते.

“वहिनी, हात धुवा. लई भारी चीज आणलीय.”

“हात धुवायला पाणी आणलंत का?”

जाऊ हसली नाही. ती सरळ आत जाऊन पलंगावर बसली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की भांडून आलेत.

दिरांनी खिशातून हातात धरायचा व्हिडिओ गेम काढला. वहीसारखा उघडणारा, दोन पडद्यांचा, कुणाकडून तरी जुना घेतलेला. वरच्या पडद्यावर चित्र दिसतं, खालच्यावर काडीनं लिहिता येतं. मग दुसऱ्या खिशातून टपालाच्या तिकिटाहून जरा मोठं असं काळं प्लास्टिक काढलं. हे फ्लॅश कार्ड. गेमच्या कंपनीची वडी, म्हणजे खेळ भरलेली चपटी कॅसेट, काढायची आणि तिच्या जागी हे बसवायचं. याच्या पोटात मेमरी कार्ड जातं, त्यात जे भराल ते गेमवर चालतं.

“म्हणजे चोरीचे गेम.”

“तसं नाय. होमब्रू. हौशी लोक घरी बसून प्रोग्रॅम बनवतात. घरगुती. हा बघा, मराठी मुळाक्षरांचा. हा मी बनवलाय.”

घरगुती म्हटलं की मी आधी बुरशी आहे का ते बघते. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत वस्तूंची परीक्षणं लिहायचे. मिक्सर, शेगड्या, इन्व्हर्टर. वस्तू आठवडाभर स्वतःच्या घरात वापरायची आणि घ्यावी की घेऊ नये ते सांगायचं. दुष्काळाच्या त्या वर्षांत माझी निम्मी परीक्षणं टाक्या आणि पिंपांवरच गेली. लोक विश्वास ठेवायचे, कारण मी दुकानदाराचा चहा पीत नसे.

दिरांना पुढच्या रविवारी परीक्षण छापून हवं होतं. शहर चहूकडे पसरत होतं; जिथं नळाची लाइन पोचली नव्हती तिथं इंग्रजी शाळा पोचली होती. अशा दोन शाळांच्या संचालकांनी त्यांना सांगितलं होतं, “पेपरात येऊ द्या, मग बघू.” कार्डांचा खोका आधीच घरी येऊन पडला होता.

“रविवारी छापून आलं की सोमवारी राजीनामा,” ते म्हणाले. “पाणीकपातीनं कंपनीच्या पाळ्या तशाही कमी केल्यात. आज ना उद्या काढतीलच. त्यांनी काढण्याआधी आपण निघायचं.”

“कायम माणसाला असं कोण काढतं?” पलंगावरून जाऊ म्हणाली.

मी कार्ड ठेवून घेतलं. उपसंपादकाला फोन केला, तर तो म्हणाला, “फ्लॅश कार्ड म्हणजे ते आंबा-अननसाचे पुठ्ठे ना? त्याचं काय परीक्षण करायचं?” मी म्हटलं, पुठ्ठे परवडले असते.

त्या आठवड्यात ते कार्ड मी रोज वापरलं, आणि त्याच्याविषयी एक चांगला शब्द काढायला मला दात टोकरावे लागले. पहिल्या दिवशी मेमरी कार्ड आत सरकवलं की टक् आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी टक् बंद. आतली स्प्रिंग दमली होती. मग मेमरी कार्ड नखानं दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं गेम चालू करायचा. कुकरची शिट्टी काढायला तिसरा हात कुठून आणायचा? तीनदा चालू करावं तेव्हा एकदा नीट चालू व्हायचं, बाकी दोन वेळा दोन्ही पडदे पांढरेफटक. बॅटरीचंही तेच. कंपनीच्या वडीवर गेम दिवस काढायचा, या कार्डावर दुपारच्या चहालाच लाल दिवा. मुलाचं नाव आणि त्यानं कुठपर्यंत गिरवलं ते लक्षात ठेवायची सोय होती म्हणे. मी माझं नाव घातलं, अ ते औ गिरवलं, बंद करून पुन्हा चालू केलं. मी कोण, ते यंत्राला माहीत नव्हतं. कार्डावरचं लेबल उन्हानं सुटून आतल्या खाचेत अडकलं, ते मी भुवया उपटायच्या चिमट्यानं काढलं.

आणि चोरीचे गेम होतेच. मुळाक्षरांच्या शेजारी ओळीनं मांडलेले, मारामाऱ्यांचे, गाड्या उडवायचे. फोन करून विचारलं तर दीर म्हणाले, “ते आपलं नाय, कार्डाबरोबर तसंच आलंय. पुसून टाकू.”

“मग अजून पुसलं का नाहीत?”

“पोरांना तेवढीच मजा.”

हे सगळं लिहायला पुरेसं होतं. पण मुळाक्षरं मुलांनी वापरून बघितल्याशिवाय लिहिणं बरोबर नव्हतं, म्हणून गुरुवारी दुपारी मी गेम घेऊन बजाजनगरला गेले. जाऊ घरातच शिकवणी घ्यायची. कामगारांच्या लहान पोरी, खोलीभर सतरंजी, भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता. दीर त्या आठवड्यात रात्रपाळीचे, झोप अर्धवट टाकून उठलेले. त्यांनी मोठ्या उत्साहानं गेम मधोमध धरला आणि पोरी भोवती गोळा झाल्या.

या पोरींना मुळाक्षरं वाचायची नसतात, म्हणायची असतात. एकदा हेल लागला की त्या थांबत नाहीत. श शहामृगाचा, ष षटकोनाचा, स सशाचा, ह हत्तीचा, आणि त्याच दमात सगळ्या ओरडल्या, “ळ बाळाचा!”

पडद्यावर क्ष आला होता.

मग दोन वेण्यांची एक पोरगी म्हणाली, “मॅडम, बाळ गेलं.”

“कुठं गेलं?”

“हत्तीनं खाल्लं.”

हसाहशी झाली. दिरांनी घाईघाईनं पुढचं दाबलं. क्ष नंतर त्र आला, त्रिशुळाचं चित्र, खाली ‘त्रिशूल’. मग शब्द सुरू झाले. घड्याळाचं चित्र, खाली ‘वेल’. फुलांच्या हाराचं चित्र, खाली ‘माल’. मुळ्याच्या रोपाचं चित्र, मुळाकडे बाण, खाली ‘मूल’.

“मुळ्याला मूल झालं!”

“ए येडे, वेल नाय ते, घड्याळ हाय.”

“मॅडम, तुम्ही शिकवता ते बरोबर का यंत्र बरोबर?”

जावेनं गेम मिटला आणि पोरींना दहा ओळी शुद्धलेखन देऊन घरी पिटाळलं. मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. सुरुवातीच्याच पाटीवर ‘खेलता खेलता मराठी’ असं लिहिलं होतं, पण मी स्प्रिंग आणि बॅटरीच्या मागे लागले होते.

“भावजी, ळ कुठंय?”

“त्या अक्षरांच्या संचात नाय. ल टाकलाय. चालतंय की.”

“कुणाला चालतंय?”

“अहो, आपण बोलतो तसंच. नल आया क्या, नल गया क्या, अख्खी गल्ली ओरडते की नाही तुमची? एका अक्षरानं काय आभाळ कोसळतंय?”

“आभाळ नाही भावजी, आभाल. तुमच्या यंत्रात आभाल कोसलतं.”

जाऊ फसकन हसली. मी बोलले त्यापेक्षा ती हसली हे त्यांना जास्त लागलं.

“बरं, टाकतो ळ. त्यात काय!”

“टाका. मी बसते तोवर.”

“असं लगेच नसतं होत.”

“कसं असतं?”

“सगळं परत बांधावं लागतं.”

“मग बांधा. तुम्हीच बनवलंय ना?”

जाऊ भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती. “आपल्या मुळाक्षरांत त्र वेगळा नसतो,” ती हळूच म्हणाली. “क्ष, त्र, ज्ञ हे हिंदीच्या वर्णमालेत असतं. आणि हिंदीच्या वर्णमालेत ळ नसतो.”

तेवढ्यावर सगळं बाहेर पडलं. प्रोग्रॅम त्यांचा नव्हताच. हिंदी मुलखातल्या कुणा हौशी माणसानं हिंदी अक्षरांचा खेळ करून इंटरनेटवर फुकट ठेवला होता. यांनी चित्रांखालचे शब्द बदलले आणि पाटीवरचं नाव बदललं. अक्षर कसं घालायचं हे त्यांना येत नव्हतं. ज्याला येत होतं त्याच्याशी यांची ओळखदेख नव्हती.

“पण शब्द तर मराठी हायत ना?” ते म्हणाले.

“अर्धे.”

“वहिनी, तुम्ही एवढं ते ळ चं लिहू नका. बाकी काय लिहायचं ते लिहा.”

“उद्या शाळेनं बोलावलं, पांढरा पडदा येतोय म्हणून. कोण दुरुस्त करणार?”

“तेव्हाचं तेव्हा.”

“आणि राजीनामा मात्र सोमवारीच.”

मग ते चिडले. पँट गुडघ्यापर्यंत वर केली. पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या उठल्या होत्या. “हे बघा. तुमचा नवरा खुर्चीत बसतो. मी मशीनसमोर उभा राहतो, पाळीभर. तुम्हाला आमचं बरं झालेलं बघवत नाय, दुसरं काय!”

पाय वाईट होते, ते मी नाकारत नाही. “डॉक्टरला दाखवा,” मी म्हटलं, “आणि बसून करायचं काम कंपनीत मागा. कायम आहात, मागू शकता. पण पाय दुखतात म्हणून पोरींना चुकीची मराठी विकायची, हे मला पटत नाही.”

“घरचं माणूस म्हणून आलो होतो तुमच्याकडं.”

“घरचं म्हणूनच तोंडावर सांगतेय. दुकानदाराला नुसतं छापून दाखवते.”

जाऊ मला खाली सोडायला आली. मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेईल. जिन्यात थांबून म्हणाली, “ताई, चांगलं लिहायचं असेल तर खुशाल लिहा. मग दर महिन्याचं वाणसामान तुम्ही भरा.”

“आणि वाईट लिहिलं तर?”

“तर महिनाभर हे माझ्याशी बोलणार नाहीत. तेवढं मी खपवून घेते.”

घरी पोचेपर्यंत माझ्या नवऱ्याला भावाचा फोन येऊन गेला होता. “लिही ना चार ओळी गोड. तुझ्या बापाचं काय जातंय?”

“बापाचं काही नाही. खाली माझं नाव असतं.”

“नाहीतर लिहूच नको. दुसऱ्या कशावर लिही. पिंपावर लिही.”

हा सगळ्यात सोपा रस्ता होता, हे मलाही दिसत होतं. पण मी गप्प बसले असते तर दिरांनी ‘पुढच्या रविवारी येणार आहे’ असं शाळांना सांगितलं असतं आणि सोमवारी राजीनामा दिलाच असता. त्यांना छापलेला शब्दच थांबवणार होता. तोंडी शब्दाला आमच्या घरात कुणी कधी जुमानलेलं नाही.

मी लिहिलं. स्प्रिंग, बॅटरी, पुसली जाणारी नावं, पांढरे पडदे, शेजारी मांडलेले चोरीचे गेम, सगळं. शेवटी लिहिलं: ‘मराठी मुळाक्षरं शिकवतो म्हणणाऱ्या या कार्डात ह नंतर एकदम क्ष येतो. बाळ, नळ, शाळा, फळा आणि खेळ हे शब्द यात लिहिता येत नाहीत. शाळांनी हे घेऊ नये. पालकांनीही घेऊ नये. पुठ्ठ्याची कार्डं घ्यावीत. त्यांना बॅटरी लागत नाही आणि त्यांत ळ असतो.’ त्याखाली, वस्तू माझ्या दिरांनी दिली होती, असंही लिहिलं. उपसंपादक म्हणाला, “मॅडम, ही ओळ काढूया का? तुमच्याच घरात बोंब होईल.” मी म्हटलं, बोंब सुरू झालीय, ओळ राहू द्या.

रविवारी छापून आलं. दिरांचा फोन नऊच्या आत आला. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला बोलले, माझ्या माहेरच्यांना बोलले, ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. एका शाळेच्या संचालकांनी त्यांना सकाळीच कळवलं होतं की सध्या विचार नाही. दुसऱ्यांनी फोनच उचलला नव्हता. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “उद्या काय करताय?” त्यांनी फोन आपटला. दिवसभर नवरा माझ्याशी फक्त मीठ आणि चपलांपुरतं बोलला.

सोमवारी सकाळी मी लवकर आवरलं, गेम कापडात गुंडाळला, कार्ड वेगळ्या कागदात बांधलं आणि पहिली बस धरून बजाजनगरला गेले. दार जावेनं उघडलं. खुंटीवर कंपनीचा शर्ट नव्हता.

“पहिल्या पाळीला गेले,” ती म्हणाली. “डबा नेला नाही. रागात.”

“डबा भरलेला आहे?”

“आहे.”

“दे इकडं.”

मी गेम आणि कार्ड तिच्या हातात ठेवलं, डबा घेतला, कंपनीच्या फाटकापर्यंत चालत गेले आणि त्यांचं नाव सांगून तो वॉचमनकडे दिला. कुणी दिला म्हणून विचारलं तर बायकोनं दिला म्हणून सांगा, असं बजावलं आणि परतीच्या बसला लागले.