ताईंनी गप्प केलेला डबा

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दळण घेऊन नुकतीच घरात शिरले होते. फोन खुद्द आबांचा होता. आबा म्हणजे माझे सासरे, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, वय नव्वदीकडे झुकलेलं. "मंगल, विमल गेली वं... सुध्याले सांग," एवढंच म्हणाले. लेकीच्या मरणाची बातमी बापाने सांगायची, याहून वाईट काय असतं? पण मी हे रडगाणं म्हणून लिहायला बसलेली नाही. अकोल्याच्या घरी भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी "फार शांत स्वभावाच्या होत्या हो" असं म्हणालं, तेव्हा आबा आणि मी त्या दुःखातसुद्धा खुदकन हसलो होतो. आमच्या नणंदबाई सगळं काही होत्या, शांत तेवढ्या नव्हत्या. त्या भांडायच्या, आणि मुख्य म्हणजे जिंकायच्या. त्यातली सगळ्यात मोठी जिंकलेली लढाई मला माहीत आहे, कारण ती त्या माझ्या नवऱ्याशी लढल्या.

ताई अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नाही. सासूबाई गेल्यावर आबा त्यांच्याकडेच राहिले आणि तेव्हापासून नातेवाइकांना विषय मिळाला. लेक अमरावतीत चांगला नोकरीला, घर मोठं, आणि बाप पोरीच्या दारी! लग्नकार्यात कोणी ना कोणी हे बोलायचंच. माझ्या नवऱ्याला, म्हणजे सुधाकरला, ते फार लागायचं. ताईंना लागायचं नाही, त्या समोरच्याला दोन शब्द ऐकवून पुढच्या पंगतीला बसायच्या. पण आबा आपल्याकडून जातील ही धास्ती त्यांना कायम होती, हे मला ठाऊक होतं.

आबांची नजर गेली तशा त्यांच्या जुन्या रेकॉर्ड हेच त्यांचं जग झालं. रेकॉर्डच्या सुईकडून येणारा आवाज अगदी बारीक असतो, तो मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला देण्याआधी थोडा वाढवावा लागतो. त्यासाठीचा प्रीअ‍ॅम्प ताईंनी स्वतः घरी बनवला, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, सगळं जमवून हिवाळ्याच्या सुट्टीत सोल्डरिंगचे डाग देत बसल्या. आवाज असा आला की आबांनी एक गाणं चारदा लावायला लावलं. मग उन्हाळा लागला आणि दुपारी डबा घुमायला लागला. गाण्याच्या मागे एक जाड, न थांबणारी गुणगुण. ताईंनी कपॅसिटर बदलले, अर्थिंगची वायर नवी टाकली, सुईपासूनची केबल बदलली. सकाळी सगळं ठीक, दुपारी पुन्हा तेच. आणि आबांना ऐकायला निवांत वेळ मिळायचा तो नेमका दुपारचाच.

आमच्याकडे अमरावतीला यांनी विकत आणलेला चांगला सेट होता. यांनी फोनवर आबांना एकच सांगितलं, इथं या, गुणगुण नाही काही नाही. आबांनी बरेच दिवस ती गुणगुण सोसली. एका दुपारी त्यांनी गाणं मध्येच बंद करायला लावलं आणि म्हणाले, "विमल, माह्या पेट्या बांध." रेकॉर्डच्या पेट्या आणि आबा, दोन्ही एकदमच निघाले.

ताई त्यांना पोचवायला आल्या. काखेत टॉवेलात गुंडाळलेला डबा होता, अमरावतीसाठी बडनेरा स्टेशनवर उतरताना तो त्यांनी हमालाच्या हातात दिला नाही. चहा न घेता त्यांनी तो आमच्या सेटच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. दुपार होती, आणि डबा एकदम स्वच्छ वाजला. हे खुशीत आले. "पाह्य, माह्या घराले लागला तो बी. आता दोघायलेही इथंच ठेव," असं म्हणून वर हसले. ताईंचा चेहरा असा पडला की मला पाहवेना. त्या नुसत्या वायरींकडे बघत राहिल्या... आणि बघता बघता त्यांची नजर टेबलाखालच्या स्टॅबिलायझरवर थांबली. खाली वाकून त्यांनी डब्याचा प्लग त्यातून उपटला आणि सरळ भिंतीत खोचला. गुणगुण सुरू झाली. आपलीच वस्तू बिघडल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. ताईंनी टाळी वाजवली. मीटर लावला, तर दोनशे तीस हवा तिथं भिंतीतला व्होल्टेज दोनशेच्याही बराच खाली.

मग आम्हाला सगळ्यांना समोर बसवून वर्ग भरवला. डबा बनवला हिवाळ्यात, तेव्हा वीज भरपूर. मे महिन्यात दुपारी गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज बसतो. आतला रेग्युलेटर पंधरा व्होल्ट साफ करून देतो, पण त्यासाठी त्याच्याकडे वरचे दोन-तीन जास्तीचे यायला हवेत. ते आले नाहीत की साफसफाई बंद, आणि विजेची घरघर गाण्यात. वऱ्हाडातल्या बाईने कूलर विसरून सर्किट बनवावं, याचं त्यांना स्वतःलाच हसू आलं. यांनी उदार होऊन आपला स्टॅबिलायझर देऊ केला. "तुह्या काठीवर माहा डबा काहून चालवू?" ताई म्हणाल्या. "ह्या डब्याले पंधराची गरजच नाई. बारावर बी तो असाच गाते. मीच जास्त मांगून राहिली होती."

आबा म्हणाले, अकोल्यात, भर दुपारी, मे महिन्यात साफ वाजवून दाखव, मग बोलू.

ताई एकट्या परत गेल्या. धन आणि ऋण अशा दोन बाजूंसाठी बारा व्होल्टचे दोन रेग्युलेटर आणले, आणि घाईत ऋण बाजूचा धन बाजूसारखाच जोडून जाळलासुद्धा. दोघांच्या पायांचा क्रम वेगळा असतो, हे शाळेत त्याच शिकवायच्या. दुसरा आणून बसवला आणि आम्हाला बोलावणं आलं. मी आबांना घेऊन गेले, हेही निमूट मागे आले. दुपारी पोचलो तर ताई घरात नाहीत. गल्लीत दारोदार फिरून सांगत होत्या, बापा, तुमचे कूलर लावा सारे. कोपऱ्यावरच्या पीठगिरणीवाल्यालासुद्धा चक्की सुरू करायला लावली. आमचा कूलर तेवढा बंद ठेवला, ऐकू यावं म्हणून. घामाच्या धारा लागलेल्या, आबा मान खाली घालून ऐकत होते. गाणारीने तान घेण्याआधी श्वास घेतला, तो आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. आबांनी मान वर केली. "सुध्या," ते म्हणाले, "माह्या पेट्या वापस आन." ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. मीही रडले. माझ्या नवऱ्याचा पराभव मी इतक्या आनंदाने कधी साजरा केला नव्हता.

आबा नंतर कायम अकोल्यातच राहिले. आता ताई नाहीत. तेरवीनंतर यांनी पुन्हा विषय काढला, की आबा, आता तरी अमरावतीला चला. आबा म्हणाले, "मी कुठं येतो? तूच ये." हे निवृत्त झालेलेच होते. घराला कुलूप लावून आम्ही अकोल्याला आलो, आणि यांचा विकतचा सेट अजून खोक्यातून बाहेर निघालेला नाही.

पुन्हा मे आहे. काल दुपारी सगळ्या गल्लीचे कूलर घरघरत होते. आम्ही आमचा बंद केला. यांनी डबा सुरू केला, आवाजाची खुंटी पार शेवटपर्यंत फिरवली आणि रेकॉर्ड पुसत उभे राहिले. आबा कान देऊन बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "सुध्या, बटन दाबलं नाई काय अजून?"

"दाबलं, आबा. आवाज पुरा खोललाय, तरी गुणगुण नाई," हे म्हणाले. मग डब्याकडे पाहून हळूच म्हणाले, "जिंकली तू, ताई."