दसऱ्याची रायफल

अमेरिकेत ईडन प्रेरीला राहत असताना ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या नादी लागून मी हरणाच्या शिकारीची जुनी रायफल विकत घेतली. नळीला गंज, लाकडी दस्त्यावर ओरखडेच ओरखडे. पुढचे सहा वीकेंड मी गॅरेजमध्ये त्या बयेशी झटत होतो. दस्ता पॉलिश पेपरनं घासला, त्यात जवसाचं तेल मुरवलं. गंज काढून नळीवर काळपट निळा लेप चढवला. तो मेला एकसारखा बसेना, म्हणून तीनदा पुसून पुन्हा चढवला.

तेवढ्यात दसरा आला. एरवी आमच्या घरी शस्त्र म्हणून लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हर पूजतात. त्या वर्षी खरं शस्त्र होतं, म्हणून पुण्याहून आलेल्या आईला मीच ऐटीत सांगितलं, "रायफल पूजेला मांड," आणि अंघोळीला गेलो. माझीच अक्कल!

बाहेर येऊन बघतो तर पाटावर रायफल चांदीसारखी लखलखत होती. आईनं देवाच्या भांड्यांबरोबर नळीलाही चिंच लावून घासलं होतं.

"केवढी काळी पडली होती रे," ती म्हणाली. "अशी ठेवतात का पूजेला?"

"आई, ती काळीच हवी होती! आता ही चमक हरणांना लांबूनच दिसेल आणि ती पळून जातील!"

आईनं शांतपणे नळीला कुंकवाचं बोट लावलं.

"मग जाऊ देत की," ती म्हणाली.