तेरा नंबरच्या खाटेवरची बटणवाली

नर्सिंग शाळेतल्या मुली ज्यांना पाठीमागे टिकमार्कबाई म्हणत, त्यांनी बावीस वर्षांत काही नाही तरी चारशे रुग्ण जन्माला घातले असतील. सगळे कागदावर. ‘वय चोपन्न, पोटात दुखते, दोन दिवसांपासून.’ ‘वय सदुसष्ट, दम लागतो, पायाला सूज.’ हे रुग्ण सरावासाठी असत. एखादा रिकामा शिपाई खाटेवर आडवा होई, पाठ केलेला कागद म्हणून दाखवी, आणि विद्यार्थिनी नाडी बघून, चादर सरळ करून, सतरा प्रश्न विचारून मोकळी होई. बाई पडद्याआड उभ्या राहून यादीवर टिक करत. बिचारे रुग्ण! त्यांना ना घर ना दार, ना एखादी नावडती भाजी. पोट मात्र नेमानं दुखायचं.

यात काही चुकतंय असं बाईंना एकवीस वर्षं वाटलं नाही. बाविसाव्या वर्षी एक पत्र आलं. त्यांचीच एक विद्यार्थिनी, चांगल्या गुणांनी पास झालेली, दुसऱ्या एका दवाखान्यात नोकरीला लागली होती. तिथे एक म्हातारी शेवटच्या घटका मोजत होती. ही पोरगी ‘थर्मामीटर आणते’ म्हणून गेली ती वीस मिनिटं सामानाच्या खोलीत उभी राहिली, आणि म्हातारी एकटीच गेली. म्हातारीच्या मुलीनं बाईंना लिहिलं होतं, ‘तुमच्या नर्सनं सगळं बरोबर केलं. फक्त ती तिथे नव्हती.’ शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही.

आणि या वर्षी अगदी तशीच एक मुलगी त्यांच्या वर्गात होती. तिला सगळ्या पहिला नंबर म्हणत, कारण तो दुसऱ्या कुणाला मिळणंच शक्य नव्हतं. औषधांची मात्रा तिच्या जिभेवर, पट्टी बांधावी तर तिनंच. पण रुग्णाला हात लावताना तिची बोटं तापलेलं झाकण उचलावं तशी लागत आणि लगेच मागे येत. महिनाभरानं तिला शेवटच्या आजाराच्या वॉर्डात पाठवायचं होतं आणि त्या फॉर्मवर बाईंची सही हवी होती. सही करावी तर पुन्हा कुणीतरी एकटं जाणार. न करावी तर पोरीचं वर्ष बुडणार. बाई फॉर्म काढत, बघत आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवत.

त्यातच नेहमीचा शिपाई खरोखरच आजारी पडला. इतकी वर्षं खोटं दुखणं सांगून त्याला खऱ्या दुखण्यासाठी सुटी मागायचीही लाज वाटली म्हणे. बाईंनी घाईघाईनं चादरींच्या खोलीतल्या मावशींना बोलावलं.

या मावशी एकोणीस वर्षं दवाखान्याच्या तळघरात चादरी मोजून घेत, फाटक्या बाजूला काढत आणि उरलेल्यांच्या घड्या घालत. चौकोनी बांधा, दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि कुणाचं ऐकून घ्यायची फारशी सवय नाही. नवरा ट्रकवर, मुलगा परगावी. दिवसभर बोलायला समोर फक्त चादरी. बाईंनी त्यांच्या हातात कागद दिला: ‘वय एकसष्ट, छातीत जळजळ, अशक्तपणा.’ मावशींनी चष्मा चढवून तो दोनदा वाचला.

“बाई, ही करते काय?”

“कोण?”

“ही हो, एकसष्ट वर्षांची.”

“रुग्ण आहे ती.”

“ते आत्ता. त्याआधी?”

“ते यादीत नाही, मावशी.”

“मग मी हात कुठे ठेवू?” मावशी म्हणाल्या. “दुकानवाली असेल तर हात पोटावर ठेवून गप्प नाही पडायची ती. बटणं विकते म्हणू का?”

“म्हणा काहीही. पाच मिनिटं आहेत.”

मावशी खाटेवर आडव्या झाल्या. पुढे जे झालं ते सांगताना बाईंचा आवाज अजूनही खाली येतो. मावशींनी काही नाटक केलं नाही. फक्त ब्लँकेटची कड दोन बोटांत धरून, कापडाचा पोत बघावा तशी चोळली, आणि खाटेवर मावशी उरल्याच नाहीत. तिथे एक बाई होती. आखडू, थकलेली, डोळ्यांनी समोरच्याचं माप काढणारी. सरावाला आलेल्या विद्यार्थिनीनं दोन गोळ्या पुढे केल्या तर म्हणाली, “दोन कशाला? एक देऊन बघ. चांगली निघाली तर दुसरी नेईन.” मुलगी हसली आणि हसता हसता यादीत नसलेला प्रश्न विचारून बसली, “काकू, मग आता दुकान कोण बघतंय?” त्या बाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. “बंद आहे,” म्हणाली.

एवढंच. पण पडद्याआड बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुठल्याशा गल्लीत ते दुकान खरोखर बंद होतं, कुलूप त्यांना दिसत होतं. चारशे रुग्ण घडवले, पण एकाच्याही दाराला त्यांनी कधी कुलूप लावलं नव्हतं.

तेव्हापासून सरावाच्या खोलीतली तेरा नंबरची खाट बटणवालीची झाली. आठवड्यातून तीनदा मावशी तळघरातून वर येत आणि बटणवाली आजारी पडे. मुली जिन्यात भेटल्या की विचारत, “काकूंना झोप लागली का?” आणि मावशींचं उत्तर तयार असे, “लागली, पण शेजारच्या खाटेला नावं ठेवून मगच.” एका मुलीनं इतकं मन लावून बटणवालीचा केस पेपर लिहिला की तो चुकून खऱ्या वॉर्डाच्या ट्रेमध्ये गेला, आणि चार दिवस दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून तेरा नंबरसाठी बिनमिठाचं जेवण येत राहिलं. मावशींनी बटणवालीतर्फे तक्रार पाठवली की हे जेवण कुत्रंसुद्धा हुंगणार नाही. तिकडून लेखी उत्तर आलं: ‘रुग्णाने सहकार्य करावे.’ बाई हसल्या, पण मनातून चरकल्याही. नसलेल्या बाईला सरकारी शिक्क्यानिशी उत्तर आलं होतं.

बटणवालीची एक खोड होती. खाटेशेजारचं लॉकर ती कुणाला उघडू देत नसे. हात गेला की म्हणे, “ते राहू दे.” मुलींनी गोड बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

“आहे तरी काय त्यात?” बाईंनी एकदा मावशींना विचारलं.

“मला काय ठाऊक?” मावशी चादरीची दोन टोकं जुळवत म्हणाल्या. “उघडू देत नाही, एवढंच कळलंय. का, ते घड्या घालताना रोज विचारते तिला. अजून दाद देत नाही.”

“अहो, तुम्हीच तर बनवलीय तिला!”

“मुलगा पण मीच जन्माला घातलाय, बाई. तो तरी कुठे सांगतो सगळं?”

 तळघरातून वर येताना बाई जिन्यात दोनदा थांबल्या. आयुष्यभर त्यांनी माणसाची उत्तरं आधी लिहिली होती आणि मग माणूस. ही चौथी शिकलेली बाई माणसाला आधी गप्प बसू देत होती.

फॉर्म द्यायला चार दिवस उरले तेव्हा बाईंनी मन घट्ट केलं आणि मावशींना सांगितलं, “बटणवालीला जावं लागेल. पहिला नंबरसमोर. ती पोरगी खाटेपाशी टिकते की पळते, ते मला बघायचंय. दुसरा मार्ग नाही.”

मावशींचा चेहरा उतरला. “तुमचं बरंय. कागदावर शंभरेक मारले असतील तुम्ही,” असं म्हणून त्या ज्या निघून गेल्या त्या दोन दिवस वर फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच आल्या. डोळे सुजलेले होते. “जाईल ती,” म्हणाल्या. “पण तिच्या पद्धतीनं. शहाणपणाचं काही बोलणार नाही. मरायला टेकलं म्हणून माणूस काही एकदम पोथी वाचायला लागत नाही. आणि लॉकरचं कळलं मला. तुम्हाला नाही सांगायची. विचारणारीला सांगेल ती.”

सराव दुपारी होता. बाकीच्या मुली भिंतीपाशी ओळीनं उभ्या होत्या, बाई पडद्याआड. पहिला नंबरनं आत येऊन सगळं बिनचूक केलं. नाडी मोजली, उशी उंच केली, ओल्या बोळ्यानं ओठ पुसले. यादीवर बाईंचे टिकमार्क भराभर पडत गेले. बटणवालीचा श्वास अडखळत होता. इतका, की भिंतीपाशी एक मुलगी मुसमुसू लागली.

“काकू, कुणाला बोलवायचंय का?” पहिला नंबरनं यादीतला शेवटचा प्रश्न विचारला.

“कुणाला नाही.”

टिक. यादी संपली, आणि माणूस अजून समोर होतं. आता काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पहिला नंबर क्षणभर तशीच उभी राहिली.  मग ती म्हणाली, “मी... मी थर्मामीटर घेऊन येते.”

 मुलगी वळली. दारापर्यंत सहा पावलं होती. पडद्याआड बाईंना हाक मारावीशी वाटली, पण हाक मारून थांबलेली मुलगी उद्या वॉर्डात कुणाच्या हाकेनं थांबणार होती?

“जा,” बटणवाली खाटेवरून म्हणाली. “पण बाहीचं बटण लोंबतंय तुझं. जिन्यात पडेल, मग तसलं मिळायचं नाही.”

पहिला नंबरनं बाही वर करून पाहिली. बटण खरंच एका धाग्यावर होतं. ती तिथेच उभी राहिली, बटणाकडे बघत. मग खाटेकडे बघत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती यादी न बघता नुसतं माणसाकडे बघत होती.

“तुम्ही... लावून द्याल?” तिनं विचारलं.

बटणवालीनं मान लॉकरकडे वळवली. “सुई लॉकरात आहे,” म्हणाली शेवटी.

पहिला नंबर परत आली, गुडघ्यांवर बसली आणि तिनं लॉकर उघडलं. आत सुईदोरा होता. त्याखाली जुन्या कापडात गुंडाळलेली, शिंपी कापड बेततात तसली भली मोठी लोखंडी कात्री.

“एवढी मोठी कात्री, काकू?”

“आईची.” श्वास. “धाकटीनं पळवली म्हणून बोलले मी तिला. चारचौघांत. अकरा वर्षं झाली, तोंड बघितलं नाही तिचं.”

“मग ही इथे कशी?”

“चार वर्षांपूर्वी सापडली. माझ्याच ड्रॉवरच्या मागे पडली होती.” बटणवालीनं डोळे मिटून घेतले. “कुठल्या तोंडानं सांगू?”

 पडद्याआड बाईंच्या हातातली यादी खाली गेली होती. मावशींना बहीण नव्हती, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तीन भाऊ होते, तिन्ही बडबडे. मग ही धाकटी आली कुठून? ही शरम आली कुठून? तळघरात चादरींच्या ढिगाशेजारी उभं राहून एका बाईनं शून्यातून एक आख्खं आयुष्य काढलं होतं, चार वर्षं गिळलेल्या शब्दासकट. बाईंना देवळातही कधी वाटलं नव्हतं असं काहीतरी वाटलं.

पहिला नंबरनं खुर्ची ओढली. बटणवालीचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला, आणि या वेळी बोटं मागे आली नाहीत. “मी बोलावते त्यांना,” ती म्हणाली. “काय सांगू?”

“कात्री सापडली म्हणावं.”

वेळ संपल्याची घंटा झाली. कुणी हललं नाही. बाई पडद्याबाहेर आल्या, घसा खाकरून म्हणाल्या, “झालं. ऊठ आता.”

पहिला नंबरनं मान वर केली. गाल ओले होते. “मॅडम, त्यांची बहीण येईपर्यंत मी बसते.”

भिंतीपाशी कुणी हसलं नाही. बहीण नाहीच, हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. सही करायला बाईंना आता काही बघायचं उरलं नव्हतं. ‘शाबास’ म्हणून सराव संपवता आला असता. पण खाटेवर बटणवालीचा श्वास अजून चालू होता आणि तिचे डोळे दाराला लागले होते. मावशी तिला सोडून उठायला तयार नव्हत्या. येणार कुणीतरी, अशीच ती बघत होती.

बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं. अंगातला पांढरा कोट काढून टेबलावर ठेवला. त्या बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि दार मागे ओढून घेतलं. बावीस वर्षांत त्यांना जे विचारावंसं वाटलं नव्हतं ते त्यांनी तिथे उभं राहून स्वतःला विचारलं. चोर नसताना चोर ठरलेली बहीण अकरा वर्षांनी आली तर कशी चालेल? घाईनं येईल. आणि खाट दिसली की दोन पावलं अलीकडेच थांबेल.

दार ढकलून त्या घाईनं आल्या आणि दोन पावलं अलीकडे थांबल्या. काय बोलायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. तोंड उघडलं तेव्हा निघालेला आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

“अकरा वर्षं लागली होय गं तुला, ड्रॉवरच्या मागे बघायला?”

बटणवालीनं डोळ्यांनी तिचं माप काढलं. “जाड झालीस,” ती म्हणाली.

पहिला नंबर खुर्चीवरून उठली. बटणवालीचा हात तिनं तिच्या बहिणीच्या हातात दिला, आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.