नाव नसलेली वही

"घे ना गा उतरवून! माह्यं काय जाते?" असं म्हणत आमच्या ऑफिसातल्या ताई समोरच्याच्या हातात वही कोंबायच्या. मागणाऱ्याने अजून धड तोंडही उघडलेलं नसायचं.

हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात तेव्हा कॉम्प्युटर नवीनच आला होता. त्याच्या थंडगार खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे, आणि आम्ही कारकून मंडळी आत गेलो की उगाचच हळू आवाजात बोलत असू. ताई मात्र तिथेही खणखणीत. "देव नाही गा तो. सांगशील तेवढंच करते," म्हणायच्या.

कामगारांच्या हजेरीचा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. तो कसा चालवायचा, कुठे अडतो, अडला तर काय करायचं, हे सगळं त्या मराठीतून एका दोनशे पानी वहीत लिहीत होत्या. मशीनबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक आम्ही कोणी उघडलंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या एका हातात पोळी आणि दुसऱ्यात पेन असे. शेजारी मी डबा खात बसलेला. पान झालं की माझ्यापुढे सरकवत. "वाच बरं. तुले समजलं नाही, तर माह्यं चुकलं."

पहिल्या पानावर त्यांनी तीनच वाक्यं लिहिली होती. ज्याला पाहिजे त्याने उतरवून घ्यावे. काही सुधारले तर मागच्या पानांवर लिहून ठेवावे. आपल्याकडे कोणी मागितले तर त्यालाही असेच द्यावे.

आणि लोक ते पाळत, बरं का! वाडीच्या गोदामातला एक कारकून वही उतरवून घेऊन गेला, तो महिन्याभराने मालाच्या नोंदीचं एक नवं प्रकरण लिहून घेऊन आला. खाप्याच्या एका मास्तरांनी चार चुका काढल्या. ताईंनी त्या चुका आम्हा सगळ्यांना बोलावून, लग्नाचे फोटो दाखवावेत तशा दाखवल्या. "पाहा, मले हे सुचलंच नव्हतं!"

तुम्ही म्हणाल, एवढं केलं तर वहीवर आपलं नाव तरी टाकायचं. मीही म्हणालो होतो. ताई कोष्ट्याच्या घरच्या. त्या हसल्या. "आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लुगडे विणले. पदरावर कोणी आपलं नाव विणते का गा?"

तिथेच घात झाला.

शहरात कॉम्प्युटरचे क्लास चालवणाऱ्या एका गृहस्थांच्या हाती ती वही लागली आणि तिचं छापील पुस्तक निघालं. ताईंची उदाहरणं, वाडीवाल्याचं प्रकरण, आमच्या राहिलेल्या चुकासुद्धा जशाच्या तशा. फक्त पहिल्या पानावरची तीन वाक्यं गेली. तिथे त्या गृहस्थांचं नाव आलं आणि खाली 'सर्व हक्क राखीव'. पुढे तर कहरच झाला. आपल्या पुस्तकाच्या नकला तुमच्या कारखान्यात वाटल्या जातात, अशी त्यांची नोटीस आमच्या साहेबांकडे आली. ताईंचीच वही चोरीची ठरली!

साहेबांनी सगळ्या प्रती जमा करून घेतल्या. यापुढे कोणालाही नक्कल देणार नाही, असं ताईंकडून लिहून घेतलं.

ताई वकिलाकडे गेल्या. मी सोबत होतो. वकील भला माणूस होता. म्हणाला, "बाई, दुसऱ्याला अट घालायची तर आधी वस्तू आपली आहे हे दाखवावं लागतं. वहीवर नाव नाही, तारीख नाही. लिहिताना कोणी पाहिलं का?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी टेम्पररी होतो. या भानगडीत पडेल त्याच्या नोकरीचं आम्ही पाहून घेऊ, असं साहेब सकाळीच बोलले होते. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो.

"राहू द्या वकीलसाहेब," ताई म्हणाल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मनाले लावून घेऊ नको. तुले लेकरंबाळं हायेत." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतरही लोक वही मागायला येत. "नाही जी, माह्याजवळ नाही," एवढंच म्हणून त्या मान खाली घालत. ज्या बाईने आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नव्हतं, तिचं ते 'नाही' ऐकवत नसे. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचो.

तीन वर्षांनी त्या आजारी पडल्या. मेडिकलच्या वॉर्डात भेटायला गेलो तेव्हा ओळखू येत नव्हत्या. मला पाहून पहिलं काय विचारलं असेल?

"तुह्यी नोकरी पक्की झाली ना गा?"

"झाली, ताई."

"बरं झालं." त्यांना खरोखरच आनंद झाला होता. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

परवा कंपनीच्या बसमध्ये नवी लागलेली एक मुलगी शेजारी बसली होती. मांडीवर तेच छापील पुस्तक, कोपरे दुमडलेले, ठिकठिकाणी पेन्सिलच्या खुणा. मी बघतोय असं पाहून ती म्हणाली, "काका, सरांनी किती सोपं करून लिहिलंय ना! एकदा वाचलं की समजते."

माझी नोकरी पक्की होती. साहेब केव्हाच बदलून गेले होते. मला अडवणारं त्या बसमध्ये कोणी नव्हतं.

"हो," मी म्हणालो.