आपल्यावाचून चालणारं काम

शैलाताईंचं नाव आधी लिहितो. त्या इचलकरंजीच्या. शारजात आमच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळायच्या. त्या नसत्या तर अब्बा मला जिवंत दिसले नसते. बाकीचं सगळं यानंतर.

रत्नागिरीतली आमची मांडवी सोडली ती अठ्ठ्याण्णव साली. शाळा आठवीतच सुटलेली. अब्बा मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरवर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे म्होरके. कोकण रेल्वे तेव्हा नवीनच सुरू झाली होती आणि अब्बांचा तिच्यावर भरवसा नव्हता. फलाटावर उभे राहून ते माझ्याकडे कमी आणि रुळांकडेच जास्त बघत होते. मां सुक्या बांगड्यांचं पुडकं पिशवीतून काढत होती, परत आत ठेवत होती. गाडी हलली तेव्हा अब्बा एवढंच म्हणाले, "कामाला चाललायस हां इकबाल, मॅची बघायला नाय." शारजा म्हटलं की आमच्या मोहल्ल्याला टीव्हीवरचं ते मैदान तेवढं ठाऊक.

आणि मला काम मिळालं ते मॅचींचंच. आधी चुलत्याच्या कॅफेटेरियात बशा धुतल्या. मग क्रिकेटची वेबसाइट चालवणाऱ्या एका कंपनीत जुने स्कोअरकार्ड टाइप करायला लागलो. टायपिंग रत्नागिरीत एसटीडी बूथवर बसून शिकलो होतो, ते कामी आलं. हळूहळू सामन्याआधीचा प्रिव्ह्यू माझ्याकडे आला. लेख दुसरा कुणी लिहायचा, आकडे मी काढायचे. दोन संघांत आजवर कोण किती जिंकलं, या मैदानावर पहिली बॅटिंग घेणाऱ्याचं काय होतं, कोणता बोलर डावखुऱ्यांना जड जातो. त्यासाठी डेटाबेसला एकामागून एक प्रश्न घालायचे, पावसात धुऊन गेलेले सामने आधी वगळायचे, आणि आलेले आकडे वेबसाइटवर, मोबाइलच्या मेसेजमध्ये आणि वर्तमानपत्राला जाणाऱ्या फॅक्समध्ये घालायचे. हा सगळा क्रम माझ्या डोक्यात होता. दुसऱ्या कुणाला येत नव्हता. शाळेचा दाखला नसलेल्या माणसाला त्याचाच आधार वाटायचा. नोकरी गेली की व्हिसा गेला, हे उठताबसता मनात असायचंच.

दोन हजार साली भारत-श्रीलंका सामने तोंडावर आले असताना मांचा फोन आला. अब्बांना इस्पितळातून घरी पाठवलं होतं, आता काही करण्यासारखं नाही म्हणून. मां म्हणाली, "जेवत नायत. तुला विचारतायत. येशील काय रे?" ये असं ती म्हणाली नाही.

मॅनेजर म्हणाला, सामने संपले की जा. प्रिव्ह्यू कोण काढणार? त्याचंही चूक नव्हतं. मीच तो कुणाला शिकवला नव्हता.

मी जागेवर येऊन नुसता बसलो. शैलाताईंनी खुर्ची ओढली. "काय झालंय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "डोक्यात काय काय आहे ते सगळं बोल आता. आणि तुझ्या त्या कोकणी चालीत गाऊ नको, सरळ बोल. मला टाइप करायचंय."

मी बोलत गेलो, त्या लिहीत गेल्या. माझे सगळे प्रश्न त्यांनी एका नावाखाली डेटाबेसच्या आतच साठवले. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात त्याला. दोन संघांची नावं द्यायची, बाकी सगळं ते आत आपलं आपण करतं. मी उत्साहानं म्हटलं, "ताई, खेळपट्टी कशी असेल, दव पडेल काय, तेही घालूया."

"ते कशाला घालतोस लेका? ते रोज बदलतंय. रोज बदलणारं आत कोंबलं की रोज उघडून शिवत बसायचं. जे दर वेळी तसंच लागतंय आणि तीन-तीन ठिकाणी लागतंय, तेवढंच आत ठेवायचं."

मग मला भीती वाटली. "ताई, हे सगळं आत गेलं तर माझं काय राहिलं?"

त्या टाइप करतच म्हणाल्या, "आधी बापाला बघून ये."

मॅनेजरसमोर त्यांनी ते चालवून दाखवलं. तिन्ही ठिकाणी आकडे सारखेच आले. पासपोर्ट कंपनीकडे असायचा, सोडवायला कुणाची तरी हमी लागायची. हमीवर ताईंनी सही केली. मी परतलो नसतो तर त्यांना भोवलं असतं.

घरी पोचलो तेव्हा अब्बा खाटेवर होते. ट्रॉलरचा दोर एकट्यानं ओढणारा माणूस चादरीखाली दिसतही नव्हता. समोर टीव्हीवर तीच मॅच. त्यांनी विचारलं, "आज तुझं काम कोण करतो?"

"आपोआप होतं, अब्बा."

"म्हंजे तू नसलास तरी चालतं?"

"हो."

त्यांनी तोंड टीव्हीकडे फिरवलं. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. मग म्हणाले, "बरं झालं. मग बस हितंच."

मी बसलो. पाय चेपत बसलो. त्याच आठवड्यात ते गेले.

परत आलो तर नोकरी होती. पुढच्या वर्षी कंपनीनं माणसं कमी केली. डेटाबेस आपला आपण चालतोय, मग बाईंना पगार कशाला, असं ठरलं. मी स्वस्तातला, म्हणून राहिलो. त्यांचं सामान मी खाली टॅक्सीत ठेवलं. टॅक्सीचं दार धरून तसाच उभा राहिलो. त्याच म्हणाल्या, "तोंड का पाडलंयस? चांगलं झालेलं काम असंच असतंय, करणाऱ्याला विचारत नाही."

आता दोन वर्षांतून एकदा मांडवीला जातो. कौलं मेहुणा बघतो, बाजार मां करते. ताटावर बसवून मला पाहुण्यासारखं वाढतात. पूर्वी वाटायचं, आपल्यावाचून जिथं अडतं ते घर. तिथं माझ्यावाचून काही अडत नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर आहेत, त्यांना हे ठाऊक असेल. तरी जावंसं वाटतं, कारण काही कामाचा नसतानाही मला तिथं कुणी ऊठ म्हणत नाही.

शैलाताई इचलकरंजीत आहेत. आई अंथरुणाला खिळलीय, म्हणून त्यांना उंबऱ्याबाहेर पडता येत नाही. फोनवर त्याबद्दल कधी बोलत नाहीत, पण आवाजावरून कळतं. ताई, मी येणार आहे. पुढच्या सुट्टीत नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. तुमच्या आईजवळ मी बसेन. तुम्ही पायात चपला घाला आणि वाटेल तिथं जाऊन या.