दुसऱ्या बाजूचा आवाज

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मुरबाडच्या आमच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाला कल्याणहून एक बँड आला. चार तरुण, गिटारी, ड्रम आणि कापडी पिशवीत स्वतःच्याच गाण्यांच्या कॅसेटी. पोरांना नाचायला काहीतरी हवं होतं. यांनी पहिलंच गाणं म्हटलं ते एसटीत विसरलेल्या छत्रीचं. छत्री एकटीच माळशेज चढून पलीकडे जाते आणि तिथं पाऊसच नसतो, असं काहीतरी.

मागून ओरडा झाला, "ओ, कोळीगीत वाजवा!"

गायक माइकजवळ येऊन म्हणाला, "ते नाही येत आम्हाला. आमचंच येतं." आणि त्यांनी पुढचं गाणं सुरू केलं.

हॉल अर्धा रिकामा झाला. मी आणि माझी मैत्रीण मात्र पुढं सरकून मोकळ्या झालेल्या खुर्च्यांवर बसलो. ती भातसानगरची, धरणाच्या कॉलनीतली. वडील धरणावर नोकरीला. कॉलेजसाठी मुरबाडला मामाकडे राहायची. मी टोकावड्याहून रोज एसटीनं यायचे. मराठीत अशी गाणी असू शकतात, विसरलेल्या छत्रीवर कोणी इतकं जीव तोडून गाऊ शकतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. त्या गायकाचा आवाज जरा नाकातला होता, पण वर चढताना असा चिरायचा की अंगावर काटा यायचा. कॅसेट आम्ही दोघींत एक घेतली. आठवडाभर तिच्याकडे, आठवडाभर माझ्याकडे.

आमच्या घरी टेपरेकॉर्डर ओटीवर असायचा. आई तांदूळ निवडता निवडता ऐकायची आणि म्हणायची, "गो, हा गातो का भांडतो?" छत्रीचं गाणं मात्र तिला पाठ झालं होतं. भातलावणीच्या वेळी ती ते शेतात म्हणायची, आणि सोबतच्या बायका विचारायच्या, कुठल्या लग्नातलं आहे म्हणून.

वर्ष-दोन वर्षांनी त्यांची दुसरी कॅसेट आली. तोवर कॉलेज संपलं होतं. मी मुरबाडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागले होते. मैत्रीण लग्न होऊन शहापूरला गेली. भेटी कमी झाल्या, पण फोन झाला की बँडचा विषय निघायचाच.

मग मधे बरीच वर्षं काहीच आलं नाही. आणि एक दिवस ऑफिसात तिचा फोन आला.

"नवीन आलीय. कल्याणला मिळाली. तुझी पण घेतलीय, जीपवाल्याबरोबर पाठवते. आणि ऐक, शेवटची आहे."

"कोण म्हणतं?"

"त्यांनीच लिहिलंय आत. तू आधी ऐक, मग बोलू. मी काय सांगत नाय."

कव्हरवर चार रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचा फोटो होता. आत एवढंच, की हा आमचा शेवटचा संग्रह, ऐकत राहिल्याबद्दल आभार. खाली चौघांची नावं. कोण काय वाजवतं, कोण गातं, ते कुठंच नव्हतं.

पहिली बाजू ऐकली. तोच नाकातला आवाज, तेच चिरणं. मला बरं वाटलं. मग कॅसेट उलटली आणि दुसऱ्या बाजूला भलताच कोणी गात होता. जाडसर आवाज, जपून जपून टाकलेला. वरच्या सुरांना तो जायचाच नाही, खालूनच हात लावून परत यायचा. ताल मात्र पक्का. मला ते आवडलं नाही, खरं सांगायचं तर राग आला. शेवटची म्हणता आणि अर्धीच आमच्या गायकाला देता?

पण त्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात एक गंमत होती. कडवं संपता संपता तो आवाज गाणं सोडून हळूच बोलायचा, "इथं थांब." मग वाद्यं वाजत राहायची. थोड्या वेळानं, "आता वर." आणि पुढचं कडवं सुरू. गाणं होतं शेताच्या बांधावरून पावसाळी वाट शोधत जाणाऱ्या माणसाचं. त्यात हे "इथं थांब, आता वर" चपखल बसायचं, आणि तरी बसायचं नाही. तो आवाज कुणाला तरी शेजारी उभं करून सांगितल्यासारखा यायचा.

मी फोन लावला.

"तिसरं ऐकलंस?"

"ऐकलं. 'इथं थांब' ना?" ती लगेच म्हणाली. "मला वाटतं, तो आपल्या पोराला हाताला धरून नेतोय. बांधावरून."

"पोर कुठं आहे गाण्यात? मला वाटतं तो स्वतःलाच सांगतोय."

"स्वतःला कोण 'आता वर' म्हणतं?"

"आणि हा गातोय कोण?"

ते तिलाही माहीत नव्हतं. कदाचित गायकाचाच आवाज आजारपणात असा झाला असेल, अशी तिला शंका होती. मला ते पटेना. आवाज बसला तरी शब्द उच्चारायची सवय बदलत नाही. गायक 'वाट' म्हणताना 'ट' झटकून टाकायचा. हा 'वाट' ओढत होता, आमच्याकडे ओढतात तसा. म्हणजे माणूस आमच्याच बाजूचा, असं मी ठरवून टाकलं. आवडलं नाही म्हणत म्हणत मी ती बाजू पहिल्या बाजूपेक्षा जास्त ऐकत होते. आईनंही एकदा विचारलं, "हा दुसरा कोण? हा बरा गातो, भांडत नाय."

त्या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या शेजारी हळद होती. मंडपात स्पीकर लावायचं काम चाललं होतं आणि ही घरात चहा ठेवत होती. बाहेर माइक तपासणं सुरू झालं. हॅलो, हॅलो, एक, दोन. मग तोच माणूस वायर ओढणाऱ्या दुसऱ्याला माइकवरूनच म्हणाला, "इथं थांब."

चहा उतू गेला, असं तिनं मला नंतर सांगितलं. ती तशीच बाहेर गेली. मंडपात चाळिशीकडे झुकलेला एक गृहस्थ माइक हातात घेऊन उभा होता. तिनं सरळ विचारलं, "तुमी बँडात होता का?" तो इतका चपापला की त्याला आधी हो म्हणावं की नाही ते कळेना. तो त्या बँडचा ड्रमर होता. कॉलेजात ड्रमच्या मागं, अंधारात बसलेला. त्याचा चेहरा आम्ही कधी नीट पाहिलाच नव्हता. शहापूरचाच. वडिलांचा मंडप आणि स्पीकरचा धंदा आता तो बघत होता.

पुढच्या रविवारी मी किन्हवलीमार्गे शहापूरला गेले. मैत्रिणीनं त्याला आधी सांगून ठेवलं होतं. त्याच्या गोडाऊनमध्ये गुंडाळलेल्या सतरंज्या, वायरची भेंडोळी, स्पीकरचे उंच खोके. त्यानं आम्हाला सतरंज्यांच्या ढिगावर बसवलं आणि स्वतः एका खोक्यावर बसला.

"दुसऱ्या बाजूला तुमीच गाता ना?" मी विचारलं.

"गातो कसला ताई, म्हणून दाखवतो," तो म्हणाला आणि हसला. मग सावकाश सांगायला लागला.

पहिल्या बाजूची गाणी झाली आणि गायकाला बोटीवर नोकरी लागली. महिनोन्‌महिने बाहेर. उरलेल्या गाण्यांच्या चाली तयार होत्या, वाजवून रेकॉर्डही झाल्या होत्या. गायकाला बोटीवर बसून सराव करता यावा म्हणून ड्रमरनं त्या वाद्यांवर स्वतःच्या आवाजात गाणी म्हणून ठेवली आणि कॅसेट त्याला पाठवून दिली. कुठं थांबायचं, कुठून वरच्या पट्टीत जायचं, ते मधे मधे बोलून ठेवलं. सुट्टीवर आला की तो गाणार आणि हे पुसणार, असं ठरलं होतं.

मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली. त्या 'इथं थांब'मध्ये पोर नव्हतं, बांध नव्हता. एक मित्र दुसऱ्याला गाणं शिकवत होता.

"मग पुसलं का नाय?" तिनं विचारलं.

"तो आला सुट्टीवर. इथंच बसून ऐकलं, तुमी बसलाय तिथं. म्हणाला, राहू दे रे. बोटीवर मी हे इतक्यांदा ऐकलंय, आता गायलो तर तुझीच नक्कल करीन. मी बोललो, निदान ते 'थांब' तरी काढूया, लोक हसतील. तर म्हणतो, ते काढलंस तर मी कॅसेट घेणारच नाय." तो वायरचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. "मला अजून लाज वाटते. तुमाला कसं वाटलं? खरं सांगा."

"आधी नाय आवडलं," मी म्हटलं. "पण तुमी कोणाला थांबवताय ते कळेना, म्हणून परत परत ऐकलं."

तो मोठ्यानं हसला. मग मी विचारलं, बँड का बंद केला? भांडण झालं?

"नाय ओ. भांडण झालं असतं तर मिटवायला तरी एकत्र आलो असतो. एक बोटीवर, एक बँकेत, एकाची नाशिकला बदली. आणि माझं हे." त्यानं गोडाऊनकडे हात केला. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता.

घरी येताना मला भीती वाटत होती, की आता कोडं सुटलं म्हणजे ते गाणं साधं होऊन जाईल. तसं झालं नाही. त्या रात्री ऐकलं तेव्हा मी पहिल्यांदा गाणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याचा विचार केला. समुद्रात, यंत्रांच्या आवाजात, कानाला हेडफोन लावून तो गायक "इथं थांब" ऐकल्यावर थांबत असेल. इतकं ऐकून शेवटी त्यानंच ती गाणी मित्राच्या आवाजात राहू दिली, हे कळल्यावर त्या बाजूचा माझा राग गेला आणि ती बाजू मला आवडायला लागली.

पण गोडाऊनमधून निघण्याआधी मैत्रिणीनं त्याला एक विचारलं होतं, की कॅसेटवर न आलेलं काही आहे का? एक चाल होती, शब्द नसलेली. त्यानं खोक्यावर बोटांनी ताल धरून ती गुणगुणून दाखवली. पुन्हा म्हणा, म्हणून आम्ही सांगणार, तेवढ्यात बाहेर टेम्पो येऊन उभा राहिला. एका साखरपुड्याला स्पीकर पोचवायचे होते. तो उठला आणि आम्हीही उठलो.

स्टँडपर्यंत जाताना आम्ही दोघी ती चाल म्हणत गेलो. मी म्हणत होते, शेवटी ती खाली येते.

"नाय गो, वर जाते," मैत्रीण म्हणाली. "मी त्याच्या तोंडाकडे बघत होते."

"तोंड वर केलं म्हणजे सूर वर जातो?"

माझी गाडी लागली तरी आमचं चालूच होतं. ती खिडकीखाली उभी राहून तिची चाल म्हणत होती, मी आतून माझी. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, कसलं गाणं आहे? मी म्हटलं, अजून झालेलं नाही.